दोनास एक

बोटवाल्याचं जुनं इंजिन गेलं, ते आधी काही न कुरकुरता गेलं. सकाळची पहिली फेरी होती. धक्का सुटून दोनशे हात झाले असतील, एवढ्यात पायाखाली काहीतरी ठणकलं आणि त्यानंतर फक्त फळ्यांवर पाणी आपटल्याचा आवाज राहिला. एका मच्छीमाराने दोर टाकून बोट ओढत परत आणली. मिस्त्री आला, इंजिनावरची फळी उचलून आत वाकला आणि टॉर्च मारून बराच वेळ बघत बसला. वर आला तेव्हा त्याने हात पुसले नाहीत. पुसायला घाई करावी असं काही उरलं नव्हतं. इंजिनाचा ब्लॉक वरून खालपर्यंत चिरला होता आणि त्या जातीचं इंजिन बनणं बंद होऊन वीस वर्षं झाली होती.

बोट बापाच्या वेळची, लाकडी, रुंद पोटाची. खाडीच्या तोंडाशी असलेल्या वस्तीतून ती वीस-बावीस माणसं वरच्या अंगाला असलेल्या शहरात न्यायची आणि दुपारी परत आणायची. पन्नास मिनिटं लागायची, ओहोटी समोरून असली तर सव्वा तास. लोक बोटवाल्याला कासव म्हणत. म्हाताऱ्यांनी म्हटलं तर तो हसायचा. पण समोरून पांढऱ्या फायबरच्या बोटी फवारे उडवत जायला लागल्यापासून त्याला ते नाव टोचायला लागलं होतं. चाळिशी ओलांडलेला, एकटा माणूस. लग्नाचं कोणी विचारलं की तो बोटीकडे बोट दाखवायचा आणि विचारणारा गप्प व्हायचा.

एकटा म्हणजे घरी ताई होती. त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता; ताईने शिवणयंत्र खिडकीशी ओढलं आणि तेव्हापासून दोघांचं पोट त्या यंत्रावर आणि बापाच्या बोटीवर चाललं. वस्तीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे. दोन वर्षांपूर्वी तिच्या पायांवर सूज आली, मग तोंडावर, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात वाजता शहरातल्या रुग्णालयात खुर्ची क्रमांक चार. चार तास रक्त यंत्रातून फिरायचं आणि दुपारी ती भावाच्या बोटीतून घरी यायची. बोटीत मागच्या बाकावर तिची उशी होती. तिथे दुसरं कोणी बसत नसे.

इंजिन गेल्यावर राहिली ती बस. खाडीला वळसा घालून शहरात जायला पाच तास, यायला पाच तास. टपालाची लाँच होती, पण ती दुपारी निघायची. रुग्णालयात वेळ बदलून मागितली तर परिचारिकेने यादी उघडून दाखवली. दुपारच्या खुर्च्यांसाठी चौदा माणसं आधीच थांबली होती. शहरात खोली घेऊन बघितली. तिसरा मजला, जिना उभा. दोन दिवसांनी ताई म्हणाली की इथे वर चढण्यातच माझं उरलंसुरलं रक्त संपेल, आणि ती परत आली. मग रात्री दीडला उठून दोनची बस. सहा आठवडे तिने ते केलं. सहाव्या आठवड्यात तिला बसच्या पायरीवर चढवायला कंडक्टर खाली उतरू लागला.

त्या सहा आठवड्यांत बोटवाल्याने इंजिन शोधलं. एका बंद पडलेल्या सहलीच्या बोटीतून ते निघालं. हलकं, नवीन जातीचं. कागदावर त्याची ताकद जुन्याइतकीच होती, पण जुनं इंजिन ती ताकद मिनिटाला पंधराशे फेऱ्यांवर द्यायचं आणि हे द्यायचं छत्तीसशेवर. त्याच्या मागे गिअरबॉक्स जोडलेलाच होता, दीडास एकचा. म्हणजे इंजिनाच्या दीड फेऱ्यांना बोटीखालच्या पंख्याची एक फेरी. बोटवाल्याला वाटलं, काम झालं. आहे तसं उचलायचं आणि बसवायचं.

मिस्त्रीने मान हलवली. मिस्त्री सत्तरीला आलेला, मालवाहू जहाजांच्या इंजिनघरात तीस वर्षं काढलेला माणूस. एका कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे तो नेहमी मान थोडी वाकडी करून बोलायचा आणि समोरच्याला वाटायचं हा आपल्यावर संशय घेतोय. धक्क्याला लागून त्याची पत्र्याची शेड होती आणि सगळी आकडेमोड तो शेडच्या दारावर खडूने करायचा.

त्याचं म्हणणं असं होतं की ज्या बोटीतून हे इंजिन निघालं ती पाण्यावरून घसरत जाणारी होती. तिला छोटा पंखा भराभर फिरवून चालायचं. तुझी बोट पाणी ढकलत जाणारी. तिला मोठा पंखा सावकाश फिरवायला हवा. भरलेल्या गाडीने चढ चढायचा तर खालचा गिअर टाकतोस ना, तसंच हे. त्याने दारावर आकडा लिहिला आणि भोवती गोल केला. तीनास एक.

तीनचा गिअरबॉक्स कारखान्यातून मागवावा लागणार होता. त्याला अकरा आठवडे सांगत होते.

बोटवाला त्या आकड्याकडे बघत राहिला. त्याला मिस्त्रीचं पटत नव्हतं असं नाही. पण त्याच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही ओरडत होत्या. एक म्हणजे ताई अकरा आठवडे बसने जाऊ शकणार नाही. दुसरी गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती: पंखा जोरात फिरला तर बोट जोरात जाईल, ताई पन्नासऐवजी पंचवीस मिनिटांत पोचेल, आणि कासव हे नाव एकदाचं बुडेल. त्याने दीडवरच हट्ट धरला. मिस्त्री तीनवरून हलेना. दोन दिवस दोघे एकमेकांना टाळत होते.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीला पलीकडच्या गोदीत एक वापरलेला गिअरबॉक्स मिळाला. तो होता दोनास एकचा.

"हा लगेच बसेल," मिस्त्री म्हणाला. "तुझाही नाही, माझाही नाही. बघ."

"चालेल का पण, काका?"

 मिस्त्रीने बोटीचं वजन विचारलं. ते कोणालाच माहीत नव्हतं. बोट सहा आठवडे किनाऱ्यावर ओंडक्यांवर चढवलेली होती. क्रेनवाल्याने पट्टे लावून ती हातभर उचलली आणि काट्यावरचा आकडा ओरडून सांगितला. मिस्त्रीने तो दारावर लिहिला, त्यात वीस माणसांचं वजन घातलं, डिझेल घातलं आणि अर्धा दिवस दारासमोर उभं राहून हिशेब केला. दोन चालत होता. काठावर चालत होता, पण चालत होता. बोटवाल्याने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की चालेल. काठावरचं काही बोलला नाही. ताई त्या दिवशी शेडच्या बाहेर बाकावर बसून होती, बसमधून नुकतीच उतरलेली, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला अकरा आठवडे हा शब्द पुन्हा काढवेना.

बोट पाण्यात गेली. चाचणीला तिघंच होती: बोटवाला, मिस्त्री आणि हट्टाने आलेली ताई. फेऱ्यांचा काटा पस्तीसशेच्या पुढे गेला. अडतीस मिनिटांत शहराचा धक्का आला. बोटवाल्याने बोट लावली आणि रोजच्यासारखा दोर बांधायला लागला, पण त्याचे कान लाल झाले होते. ताई म्हणाली, कासवाला चाकं लावलीत की तुम्ही. मिस्त्री हसला. दोघांचं मन राखून काम झालं, असं त्याला त्या दिवशी खरंच वाटलं.

पहिले दोन आठवडे चांगले गेले. तिसऱ्या आठवड्यात बोटवाल्याच्या लक्षात आलं की काटा तेहतीसशेच्या वर जात नाही. त्याने डिझेलचा फिल्टर बदलला. महिना झाला तेव्हा तो एकोणतीसशेवर आला होता आणि मागून काळा धूर निघत होता. अडतीस मिनिटांची बेचाळीस झाली, मग पन्नास. लोक काही म्हणाले नाहीत. त्यांना पन्नासची सवय होती.

मग अमावस्येच्या उधाणाचा शुक्रवार आला. बोट भरलेली होती, बावीस माणसं आणि भाजीच्या पाट्या. मिस्त्री स्वतः आला होता, धूर बघायला. ओहोटी समोरून लागली ती अशी की पाण्याला उतार असल्यासारखं दिसत होतं. अर्ध्या वाटेवर खडकाची खूण म्हणून रोवलेला लोखंडी खांब आहे. बोट त्या खांबापाशी आली आणि खांब तिथेच राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बोटवाल्याने वेगाचा दांडा पूर्ण पुढे रेटला. मागे फेस वाढला, धूर वाढला, काटा होता तिथेच. कोणीतरी म्हणालं की खांबपण आपल्याबरोबर निघालाय वाटतं शहराला, आणि सगळे हसले. वीस मिनिटांनी कोणी हसत नव्हतं. इंजिनातल्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा लाल पट्टीला टेकला. मिस्त्री इंजिनाच्या फळीवर गुडघे टेकून होता. त्याने वर बघून बोटवाल्याला हाताने खूण केली: कमी कर.

कमी केलं की बोट मागे जायला लागली. तेव्हा ती वळवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ओहोटीबरोबर ती बारा मिनिटांत घरी आली. इतक्या जोरात ती बोट आयुष्यात कधी गेली नसेल.

खुर्ची क्रमांक चार त्या दिवशी रिकामी राहिली.

दुपारी तिघं शेडमध्ये बसली होती. मिस्त्री दारावरचे जुने आकडे पुन्हा तपासत होता. बेरीज बरोबर होती, गुणाकार बरोबर होता. पंखा, शाफ्ट, इंजिन, सगळं होतं तसंच होतं. त्याला चूक सापडेना. ताई दाराकडे बघत होती. तिला आकड्यांतलं काही कळत नव्हतं, पण एक ओळ तिने बोटाने दाखवली.

"हे वजन कधी घेतलंत?"

मिस्त्रीने सांगितलं की बोट पाण्यात सोडायच्या आधी, क्रेनवर.

"म्हणजे सहा आठवडे उन्हात वाळल्यावर," ताई म्हणाली. "मी सुती कापड आधी भिजवते, मग कापते. कोरड्या मापावर कापलं की बाई पंधरा दिवसांनी भांडायला येते."

मिस्त्रीच्या हातातला खडू तसाच राहिला. तीस वर्षं त्याने लोखंडी जहाजांवर काढली होती. लोखंड पाणी पीत नाही. लाकूड पितं, आणि जुनं लाकूड तर महिनाभर पीत राहतं. बोट दर आठवड्याला खाली बसत होती. धक्क्यावर रोज येणाऱ्या कोणीही तिच्या रंगाची रेघ पाण्याखाली गेलेली बघितली असती. काठावर चालणारा हिशेब पहिल्या पंधरा दिवसांतच काठावरून खाली गेला होता.

त्याने पंखा काढून त्याची पाती थोडी सपाट करून आणली. इंजिनाचा धूर थांबला, काटा वर गेला. पण बोट त्याच जागी पाणी घुसळत राहिली. आता इंजिनाला त्रास नव्हता एवढंच. मग त्याने बोटवाल्याला न विचारता तीनचा गिअरबॉक्स मागवला आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. कारखान्याने अकरा आठवडेच सांगितले.

बोटवाला म्हणाला, "तेव्हाच ऐकायला हवं होतं तुमचं."

 कोरड्या बोटीची चूक मिस्त्रीची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी मनात कुठेतरी त्याला ते वाक्य बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

पुढचे आठवडे भरती-ओहोटीचं कोष्टक बघत गेले. ज्या दिवशी पहाटे भरती असेल त्या दिवशी बोटवाला फक्त ताईला घेऊन निघायचा, एकही उतारू न घेता, आणि ती वेळेवर पोचायची. ज्या दिवशी ओहोटी असेल त्या दिवशी पहाटे चारला निघून काठाकाठाने, उथळ पाण्यातून, जिथे ओढ कमी तिथून जायचं. कधी पोचायचे, कधी अर्धा तास उशीर व्हायचा. उशीर झाला की यंत्राचा तेवढा वेळ कापला जायचा, कारण अकरा वाजता त्या खुर्चीवर दुसरं माणूस यायचं. परिचारिका वाईट नव्हती. ती दर वेळी सांगायची की मी काही करू शकत नाही, आणि ते खरं होतं. उधाणाच्या दिवसांत बस.

ताईच्या पायांची सूज उतरेना. मग ती झोपायची बंद झाली. आडवी झाली की श्वास कोंडायचा. शिवणयंत्रासमोरच्या खुर्चीत उशा लावून ती बसून राहायची. शिवायला घेतलेलं एकेक कापड तिने परत पाठवलं, प्रत्येकात माप लिहिलेली चिठ्ठी टाचून, म्हणजे दुसऱ्या शिंपिणीला पुन्हा माप घ्यायला नको.

सातव्या आठवड्यातल्या एका बुधवारी बोटवाला तिला उठवायला गेला तर ती जागीच होती.

"धाकट्या, आज राहू दे."

त्याला वाटलं ती थकली आहे. तो म्हणाला की आज भरती आहे, पस्तीस मिनिटांत पोचू, मी तुला उचलून नेतो. ती म्हणाली की भरती मला पण दिसतेय खिडकीतून.

"चार आठवडे राहिलेत फक्त," तो म्हणाला. "गिअरबॉक्स आला की पूर्वीसारखं. माझ्या हट्टापायी झालं हे. मी काकांचं ऐकलं असतं तर तो डबा आज इथे असता."

"घाई कोणासाठी केलीस? माझ्यासाठीच ना. मग ती घाई माझी. तू कशाला डोक्यावर घेतोस." तिला मधे थांबावं लागलं. "आणि पूर्वीसारखं म्हणजे तरी काय रे. पूर्वी पण मी त्या खुर्चीतच होते."

तो तिच्या पायाशी बसून राहिला. धक्क्यावर ताईनंतरच्या फेरीची माणसं वाट बघत होती. त्यांनी हाका मारल्या आणि शेवटी ती घरी गेली. त्या आठवड्यात ताई शुक्रवारी रुग्णालयात गेली, भावाने फारच गळ घातली म्हणून. पुढच्या आठवड्यात एकदाच गेली. नवव्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, शिवणयंत्रासमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या ती गेली. बोटवाला त्या वेळी धक्क्यावर दोर दुरुस्त करत होता. शेजारीण बोलवायला आली तेव्हा त्याने हातातली गाठ पूर्ण बांधली आणि मग उठला. का, ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही.

दोन आठवड्यांनी गिअरबॉक्स आला, सांगितलेल्या दिवशी. बोटवाल्याने बघितलाही नाही. तो म्हणाला की काका, राहू दे, आता कोणाला घाई आहे. पण मिस्त्रीने तो बसवायला घेतला. बोट चालायला हवी, माणसं अडून आहेत, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्याला हेही बघायचं होतं की तीन लावल्यावर ती बोट त्या खांबाला मागे टाकून कशी वर जाते. त्याचा आकडा बरोबर होता, एवढं एक तरी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

त्याने दोनचा डबा सोडवला, तीनचा कप्पीवरून खाली सोडला. तो खाली बसेना. आधी वाटलं दोर अडकला. मग वाकून बघितलं. तीनच्या डब्याचं पोट मोठं होतं. आतलं चाक मोठं, म्हणून खालची बाजू चार बोटं जास्त उतरलेली. आणि बरोबर त्याच जागी बोटीचा कणा होता, तळातून पुढून मागे जाणारं सबंध लाकूड, ज्यावर सगळ्या फासळ्या उभ्या होत्या.

इंजिन वर उचलावं तर पंखा फिरवणाऱ्या शाफ्टची रेष जुळत नव्हती. शाफ्ट ज्या भोकातून बाहेर जायचा ते भोक त्या कण्यातच होतं, बापाच्या वेळी पाडलेलं. कण्यात खाच घ्यावी म्हणून मिस्त्रीने पटाशी लावली आणि हातोड्याचा एकच ठोका मारला. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तर टोकावर ओला काळा भुसा होता. तीस वर्षांचं तेल आणि पाणी तिथे साचत आलं होतं. त्या लाकडाला हात लावणं म्हणजे बोटीचे दोन तुकडे करून ठेवणं.

त्याने कारखान्याला फोन केला. त्या इंजिनाला बसणारा दुसरा काही? अडीचचा? अडीच आणि तीन एकाच डब्यात येतात, पलीकडचा माणूस म्हणाला. लहान डबा दोनपर्यंतच.

मिस्त्री त्या दिवशी तासभर बोटीच्या तळात बसला होता. पहिल्याच दिवशी मागवला असता तरी हा डबा असाच अडला असता. पाच महिने सगळे दोन की तीन, दीड की दोन करत होते, आणि कोणीही, सगळ्यांत आधी त्याने, खाली वाकून चार बोटांची जागा मोजली नव्हती. मोजली असती तरी काय. एवढंच लवकर कळलं असतं की या बोटीला या इंजिनाचा बरोबर आकडाच नाही, आणि दुसरं इंजिन तर मिळत नव्हतं.

सहा दिवस तो गप्प राहिला. या सहा दिवसांत बोटवाला धक्क्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगत होता. मिस्त्रींनी तीन सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. भेटायला येणारे नातेवाईक, जुने उतारू, टपालाची लाँच चालवणारा तांडेल, सगळ्यांना. सांगताना तो रडत नसे. अगदी नीट सांगायचा, आधी काय झालं, मग काय, आणि कुठे तो चुकला. ऐकणारे हळूच मिस्त्रीकडे बघायचे, आणि त्या बघण्यात आदर असायचा. सातव्या दिवशी मिस्त्रीला तो आदर सोसवेना. तो शेडमधून उठला आणि बोटवाल्याच्या शेजारी, ज्या बाजूने त्याला नीट ऐकू यायचं त्या बाजूला, जाऊन बसला.

त्याने सगळं सांगितलं. डब्याचं पोट, कणा, पटाशी, फोन. काही लपवलं नाही आणि स्वतःला वाचवलंही नाही. शेवटी म्हणाला की तुझ्या हट्टाने काही बिघडलं नाही, हे तुला कळावं म्हणून सांगतोय.

बोटवाला पाण्याकडे बघत होता.

"म्हणजे तेव्हा तुमचं ऐकलं असतं तरी?"

"तरी हेच."

"दीड लावला असता तर?"

"आणखी लवकर अडकलो असतो."

"मग बरोबर काय होतं, काका?"

"काहीच नव्हतं."

मिस्त्रीला वाटलं होतं की ओझं उतरल्यासारखा तो श्वास सोडेल. निदान शिव्या तरी देईल. बोटवाल्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि बराच वेळ ते बघितले.

"हे मला सांगायला नको होतं तुम्ही," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मी रोज मनात ते दिवस पुन्हा करत होतो. तुम्ही तीन म्हणता, मी हो म्हणतो, अकरा आठवडे आम्ही कसेतरी बसने काढतो, आणि मग ताई बोटीत मागे बसलेली असते. रोज एकदा तरी पोचत होतो आम्ही."

 मिस्त्री उठला आणि घरी गेला.

बोटवाल्याने त्यानंतर ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. महिन्याभरात इंजिन एका मासेमाराने नेलं. त्याची बोट फायबरची, हलकी होती, तिला दोनचा गिअर छान बसला. लाकडी बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली आणि उन्हाने तिच्या फळ्यांमध्ये करंगळी जाईल एवढ्या फटी पडल्या. बोटवाला टपालाच्या लाँचवर दोर टाकायच्या कामाला लागला. ती दुपारी निघते आणि शहरात दोनला पोचते. रुग्णालय धक्क्यावरून दिसतं. तो त्या बाजूला पाठ करून दोर बांधतो असं लोक म्हणतात, पण दोर बांधायचा खुंटाच उलट बाजूला आहे, पाठ तिकडे होणारच.

तीनचा गिअरबॉक्स मात्र बोटीच्या तळात तसाच कप्पीला लटकत होता. कारखाना तो परत घ्यायला तयार झाला तेव्हा मिस्त्री तो काढायला एकटाच गेला. डबा कडेपर्यंत आला, पण कडेवरून बाहेर निघेना. दोन वेळा त्याच्या हातातून निसटला आणि तिसऱ्या वेळी हाताचं बोट चिरडलं. तो रक्त चोखत उभा होता, तेव्हा किनाऱ्यावरून कोणीतरी येताना दिसलं. बोटवाला होता. कामावरून आला होता, पँट गुडघ्यापर्यंत ओली.  त्याने शर्टाच्या बाह्या सारल्या आणि डब्याची जड बाजू धरली.

दोघांनी तो बाहेर काढला. वाळूतून हातगाडीपर्यंत न्यायला त्यांना चार वेळा थांबावं लागलं. थांबले की बोटवाला मिस्त्रीच्या चिरडलेल्या बोटाकडे बघायचा आणि मिस्त्री ते मुठीत घ्यायचा. हातगाडीवर ठेवल्यावर बोटवाल्याने दोर मागितला, डबा दोन्ही बाजूंनी घट्ट आवळला, ओढून बघितला आणि गाडी ढकलायला लागला. मिस्त्री मागून चालत राहिला.